संकोच कोणासाठी? : व्यवहारभाषेतील औचित्य आणि अतिरेक यांचा विचार

१. प्रश्नाची मांडणी

‘हल्ली काही बोलायची सोय राहिली नाही’ हे वाक्य आज महाविद्यालयांच्या शिक्षककक्षांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. जातीचा उल्लेख, शारीरिक व्यंगाचा उल्लेख, स्त्रियांविषयीचे विनोद, परप्रांतीयांची नक्कल या साऱ्यांवर एक अदृश्य पहारा बसला आहे, अशी ही तक्रार असते. इंग्रजीतून आलेल्या ‘पोलिटिकल करेक्टनेस’ या शब्दप्रयोगाने या तक्रारीला एक तयार नावही मिळवून दिले आहे. अमेरिकेतील डाव्या वर्तुळांत १९७० नंतरच्या काळात हा शब्दप्रयोग बऱ्याच अंशी स्वतःचीच थट्टा करण्यासाठी वापरला जात असे. १९९० च्या सुमारास तो वृत्तपत्रीय वादात उतरला आणि मे १९९१ मध्ये मिशिगन विद्यापीठातील भाषणात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी त्यावर टीका केल्यानंतर तो आरोपाचा शब्द म्हणून जगभर रूढ झाला.

मराठीत या शब्दप्रयोगासाठी ‘राजकीय औचित्य’, ‘राजकीय शुद्धता’ असे पर्याय सुचविले गेले. त्यांपैकी ‘औचित्य’ हा पर्याय विचारार्ह आहे. कारण भारतीय साहित्यशास्त्रात त्याला स्वतःचा इतिहास आहे. अकराव्या शतकातील काश्मीरी आचार्य क्षेमेंद्र याने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात पदापासून विचाराला प्रारंभ करून वाक्य, प्रबंधार्थ, गुण, अलंकार, रस अशा अनेक स्थानी औचित्य तपासले. कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला बांधला तर दोन्ही अलंकार हास्यास्पद ठरतात, हा त्याचा दृष्टांत प्रसिद्धच आहे. कोणतेही पद स्वतःहून उचित वा अनुचित नसते, ते कोठे आणि कोणाच्या मुखी योजले यावर त्याचे औचित्य ठरते, हे त्याच्या विचाराचे सार होय. शब्दांच्या याद्या करून काही शब्द शुद्ध व काही अशुद्ध ठरविणारी वृत्ती आणि कोणत्याही शब्दाला मज्जाव नको असे म्हणणारी वृत्ती या दोहोंपेक्षा ही भूमिका वेगळी आहे.

प्रस्तुत लेखात मराठी व्यवहारातील काही शब्दबदलांची तपासणी करून अतिरेक नेमका कोठे होतो, हे पाहावयाचे आहे. त्यासाठी एकच कसोटी वापरली आहे : एखादा शब्द टाळला जातो तेव्हा त्या संकोचाने रक्षण कोणाचे होते?

२. संकोचाची जुनी परंपरा

शब्द टाळण्याची सवय आपल्याकडे विसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशातून आली, हा समज भाषेच्या इतिहासाला धरून नाही. मराठी घरात दिवा ‘विझवीत’ नसत, तो ‘शांत’ करीत किंवा त्याला ‘निरोप’ देत. बांगडी ‘फुटत’ नसे, ती ‘वाढत’ असे. नारळही देवापुढे ‘वाढवला’च जातो. घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. रात्री सापाचे नाव घेऊ नये म्हणून ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ असे म्हटले जाई, आणि माणसे मारणाऱ्या रोगाला ‘देवी’ हे नाव होते. या सौम्योक्तींमागे अशुभाचे भय आहे. येथे संकोच रक्षण करतो तो बोलणाऱ्याचे आणि त्याच्या घराचे. साप किंवा रोग यांच्या मानापमानाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

संकोचाचा दुसरा जुना प्रकार सत्तेशी निगडित होता. पत्नीने पतीचे नाव घ्यावयाचे नाही. घ्यावयाचेच झाले तर उखाण्याच्या आडून, सर्वांच्या संमतीने व क्वचित प्रसंगी. पती मात्र तिला ‘अगं’ म्हणे, आणि सासरी तिचे नावही बदलून टाकी. गावगाड्यात महाराने ‘जोहार मायबाप’ म्हणून पाटलापुढे वाकावयाचे, तर पाटलाच्या लहान मुलानेही वृद्ध महाराला ‘अरे’ म्हणावयाचे, अशी रीत होती. म्हणजेच शब्दांवर पहारा तेव्हाही होता आणि तो आजच्यापेक्षा किती तरी कडक होता. त्याची दिशा मात्र खालून वर अशी होती. दुर्बलाने बलवानाविषयी जपून बोलावयाचे. बलवानाला दुर्बलाविषयी जपून बोलण्याचे कारण नव्हते.

‘आता काही बोलायची सोय राहिली नाही’ या तक्रारीचा अर्थ या पार्श्वभूमीवर स्पष्ट होतो. बोलण्याची सोय समाजातील बहुसंख्यांना पूर्वी नव्हतीच. ज्यांना ती होती त्यांच्यावर प्रथमच काही बंधन आले आहे. संकोचाची दिशा उलटली, आणि ज्याला तो नव्याने पाळावा लागतो त्याला तो नवीन शोध वाटतो. एवढ्याने तक्रार खोटी ठरत नाही. पण तिचा प्रारंभबिंदू तपासून घ्यावा लागतो.

३. ‘अहो’ची मागणी

मराठीत संबोधनाचे औचित्य विशेषणांपेक्षा सर्वनामांत आणि प्रत्ययांत अधिक राहते. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांची श्रेणी, ‘अरे’ आणि ‘अहो’ यांतील अंतर, क्रियापदांची एकवचनी व आदरार्थी बहुवचनी रूपे यांमुळे मराठीतले जवळजवळ प्रत्येक वाक्य बोलणाऱ्याची व ऐकणाऱ्याची पायरी सांगून जाते. नामाला लागणारा ‘-या’ हा प्रत्ययही असाच आहे. ‘धोंडिबा’ आणि ‘धोंड्या’ ही एकाच माणसाची दोन नावे नव्हेत. त्या दोन सामाजिक जागा आहेत. मित्राच्या तोंडी हाच प्रत्यय जिव्हाळ्याचा होतो, मालकाच्या तोंडी तो मालकीचा होतो.

विसाव्या शतकातील आंबेडकरी चळवळीने जे अनेक बदल घडविले त्यांत हा बदल सर्वांत शांतपणे झाला. मुलामुलींची नावे बदलली, ‘जोहार’ गेला, ‘जय भीम’ आला. ‘जय भीम’ हे अभिवादन दोन समान माणसे एकमेकांना करतात. त्यात एकाने वाकावयाचे आणि दुसऱ्याने मान हलवावयाची अशी रचना नाही. संबोधनातील समता ही येथे कोणा विद्यापीठातून आलेली सूचना नव्हती. ज्यांचा अवमान होत होता त्यांनी ती स्वतःच्या व्यवहारात आधी आणली आणि मग इतरांकडे मागितली. स्त्रियांच्या बाबतीत ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधात हेच केले होते. स्त्रीला चिकटविलेल्या दूषणांची यादी पुरुषांपुढे ठेवून त्यांतील प्रत्येक दूषण पुरुषाला कसे अधिक लागू पडते, हे त्यांनी विचारले. त्या निबंधात शब्द टाळण्याची विनंती नाही, शब्दामागील न्यायाची मागणी आहे.

४. दिलेला शब्द आणि घेतलेला शब्द

शब्दबदलाच्या विचारात एक भेद मूलभूत आहे : एखाद्या समूहाला बाहेरून दिलेला शब्द आणि त्या समूहाने स्वतः घेतलेला शब्द. ‘हरिजन’ आणि ‘दलित’ या दोन शब्दांचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

महात्मा गांधींनी १९३२-३३ पासून ‘हरिजन’ हा शब्द प्रचारात आणला. १९३३ च्या फेब्रुवारीत त्याच नावाचे साप्ताहिक निघाले. शब्द गोड होता, हेतू सद्भावनेचा होता. तरीही १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांविषयीच्या दुरुस्ती विधेयकात अस्पृश्यांसाठी हा शब्द घालण्याचे ठरले, तेव्हा भाऊराव गायकवाड आणि डॉ. आंबेडकर यांनी त्याला विरोध केला. ज्यांचे नाव ठेवावयाचे त्यांनाच ते नको आहे, हा आक्षेपाचा गाभा होता. बहुमताने आक्षेप नाकारला आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले. पुढे १९८२ मध्ये जातीच्या दाखल्यांवर ‘हरिजन’ हा शब्द लिहू नये, अशी सूचना केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना केली. सौम्य म्हणून दिलेला शब्द अवमानकारक म्हणून मागे घ्यावा लागण्यास जेमतेम अर्धशतक लागले.

असे का घडते याचे उत्तर आंबेडकरांच्याच लेखनात सापडते. ‘अवे फ्रॉम द हिंदूज’ या टिपणात त्यांनी नावाचे महत्त्व मान्य केले आहे. मात्र मुंबई इलाख्यातील ‘चोखामेळा’, मद्रासकडील ‘आदिद्रविड’ यांसारखी नावे म्हणजे एखाद्या प्राण्याने जीव वाचविण्यासाठी घेतलेल्या रंगासारखी आहेत, आणि पुढच्याच प्रश्नाला हा रंग उतरतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. नाते तेच राहिले तर नव्या शब्दाला जुना कडवटपणा चिकटल्यावाचून राहत नाही. रोजच्या व्यवहारातील एक निरुपद्रवी मालिका पाहिली तरी हे ध्यानात येते : ‘परसाकडे’, ‘बहिर्दिशेस’, ‘शौचास’, ‘संडास’, ‘टॉयलेट’, ‘वॉशरूम’. प्रत्येक शब्द आधीच्या शब्दाला लागलेली घाण टाळण्यासाठी आला आणि काही काळाने स्वतःच टाळण्याजोगा झाला.

‘दलित’ या शब्दाची गती निराळी आहे. या शब्दाला सौम्यता नाही. तो दळले जाण्याची आठवण ठेवतो. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली, ‘अस्मितादर्श’ने या शब्दाभोवती एक वाङ्मयीन पिढी उभी केली. दुखावणारा अर्थ असूनही हा शब्द टिकला, कारण तो घेतलेला शब्द होता. त्यावर आतूनच वादही झाला. ‘आंबेडकरवादी साहित्य’, ‘बौद्ध साहित्य’ असे पर्याय पुढे आले आणि ‘दलित’ या शब्दात कायमचे दैन्य गृहीत धरले जाते असा आक्षेप घेतला गेला. हा वाद निरोगी होता, कारण वादी-प्रतिवादी दोघांनाही त्या नावाखाली जगावयाचे होते.

२०१८ मध्ये या वादाचे स्थान बदलले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील याचिकेच्या अनुषंगाने केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये खाजगी दूरचित्रवाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ ही संज्ञा वापरण्याचा सल्ला दिला. शासकीय दाखल्यावर संवैधानिक संज्ञाच असावी, हे म्हणणे रास्त आहे. दाखला हा हक्काचा दस्तऐवज असतो आणि तेथे संदिग्धता चालत नाही. पण वृत्तनिवेदन हा दाखला नव्हे. अनुसूचीत नाव असणे ही प्रशासकीय वस्तुस्थिती आहे. दळले जाणे हा इतिहास आहे. पहिल्या शब्दाने दुसऱ्याची जागा घेतली की माहिती उरते आणि आरोप नाहीसा होतो. अशा वेळी त्या संकोचाने अवमानितांचे रक्षण होते की अवमानाच्या इतिहासाने अस्वस्थ होणाऱ्यांचे, हा प्रश्न विचारणे प्राप्त होते. या सल्ल्याला चळवळीतील अनेकांनी केलेला विरोध याच प्रश्नातून आला होता.

‘दिव्यांग’ हा शब्दही याच कसोटीला लावून पाहता येतो. मराठीतील ‘अपंग’ आणि हिंदीतील ‘विकलांग’ या शब्दांच्या जागी ‘दिव्यांग’ म्हणावे, असे आवाहन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी डिसेंबर २०१५ मध्ये ‘मन की बात’ या कार्यक्रमात केले. पुढे तो शब्द शासनव्यवहारात स्थिरावला आणि महाराष्ट्रात २०२२ मध्ये ‘दिव्यांग कल्याण विभाग’ स्वतंत्रपणे अस्तित्वात आला. या क्षेत्रातील काही संघटनांचा आक्षेप असा होता की, दिव्यत्व बहाल केल्याने जिना चढता येत नाही. तेथे उतरण लागते. येथे एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. २०१६ च्या कायद्याने मान्यताप्राप्त प्रकारांची संख्या ७ वरून २१ वर नेली, आणि हा बदल खरा आहे. परंतु तो शब्दामुळे झाला नाही, कायद्यामुळे झाला. ‘दिव्य’ हे विशेषण व्यक्तीला माणसांच्या रांगेतून उचलून पूज्यतेच्या कोनाड्यात ठेवते, आणि कोनाड्यातील मूर्ती सार्वजनिक वाहनात जागा मागत नाही. याउलट अनेकांना ‘अपंग’पेक्षा हा शब्द मनापासून बरा वाटतो, हेही खरे आहे. म्हणून येथे शब्द चूक की बरोबर असा निवाडा देण्यापेक्षा, ज्यांच्यासाठी तो योजला त्यांना आधी विचारले गेले होते काय, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

५. शब्द आणि रूढी

शब्द बदलला आणि व्यवहार तसाच राहिला, किंवा व्यवहार बदलला आणि शब्दाला हात लावावा लागला नाही, अशा दोन घटना महाराष्ट्रात एका वर्षाच्या अंतराने घडल्या. त्या शेजारी ठेवल्या असता विषयाचा उलगडा होतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे हे गावात होऊ नये, असा तो ठराव होता. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही या वाटेने जाण्याचे आवाहन केले. जिला मराठी भाषेने शतकानुशतके ‘बांगड्या वाढवणे’ असे मंगल नाव दिले होते ती क्रियाच थांबवावी, असे एका गावाने ठरविले. येथे सौम्योक्तीचा पडदा बाजूला करून ‘फोडणे’ हे क्रियापद स्पष्टपणे उच्चारावे लागले. त्यावाचून ठराव लिहिताच आला नसता.

एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगाभागीरथी’ असा उल्लेख करण्याचा प्रस्ताव पुढे आला. लग्नपत्रिकांतील ‘गं. भा.’ हे संक्षिप्त रूप महाराष्ट्राला परिचित आहे. हेतू सन्मानाचा होता. पण महिला संघटनांतून आणि विरोधी पक्षांतून टीका होताच, हा केवळ चर्चेतील प्रस्ताव असून निर्णय झालेला नाही, असे स्पष्टीकरण द्यावे लागले. टीकेचा आशय विचारात घेण्याजोगा आहे. ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ या दोन्ही उपाध्या स्त्रीची ओळख पतीच्या असण्या-नसण्यावरून ठरवितात; विधुर पुरुषाच्या नावामागे मात्र ‘श्री.’ अखेरपर्यंत टिकते. शिवाय ‘विधवा’ या शब्दाशी निवृत्तिवेतनासारखे हक्क जोडलेले आहेत. ‘गंगाभागीरथी’शी पावित्र्य जोडलेले आहे, आणि पावित्र्याने स्त्रीच्या वागण्यावर अपेक्षांचे नवे ओझेच येते. कार्यकर्त्यांच्या व्यवहारात रुळलेला ‘एकल महिला’ हा शब्द या दृष्टीने अधिक उचित ठरतो. त्यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता आणि अविवाहिता अशा सर्वांची समान अडचण दिसते, आणि त्या अडचणीवर काही मागता येते.

वस्त्यांच्या नावांचा निर्णय या दोन टोकांच्या मधला आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली यांसारखी जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरविले. नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना जात उघडी पडू नये, ही गरज खरी आहे. येथे नव्या नावाने रक्षण होते ते पत्ता लिहिणाऱ्याचे. पण गावाच्या पूर्वेची ती वस्ती, तिची पाण्याची टाकी आणि स्मशानाची वाट जेथे होती तेथेच राहिली तर ‘समतानगर’ हा शब्दही काही वर्षांत जातीचाच पत्ता सांगू लागेल. आंबेडकरांनी सांगितलेला रंग असा उतरतो.

शब्द काढल्याने व्यवहारही बदलतो अशीही उदाहरणे आहेत. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः ‘गुन्हेगार’ ठरविले होते. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि त्या ‘विमुक्त’ झाल्या. तरीही तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत जात आणि ‘सवय’ यांच्या आधारे कामाची वाटणी पुढील अनेक दशके टिकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जातीवर आधारलेल्या अशा तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचे आदेश दिले. येथे रकाना म्हणजे केवळ शब्द नव्हता. झाडू कोणी धरावा आणि स्वयंपाक कोणी करावा, याची ती आज्ञा होती. ज्या शब्दातून आज्ञा निघते तो काढणे हा अतिरेक होऊ शकत नाही.

घरातील व्यवहाराकडेही याच दृष्टीने पाहता येते. ‘मोलकरीण’ हा शब्द आज शिष्ट घरांत उच्चारला जात नाही. ‘मावशी’ किंवा ‘ताई’ म्हटले जाते. या नात्याच्या शब्दांत माया असू शकते, आणि पुष्कळदा असतेही. पण मावशीला रजेचा हिशेब विचारता येत नाही आणि मावशीने पगारवाढ मागणे नात्याला शोभत नाही. २००८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने वापरलेला ‘घरेलू कामगार’ हा शब्द रुक्ष आहे. त्यात माया नाही, परंतु कल्याण मंडळाकडील नोंदणी आहे. या जोडीत अधिक आदरार्थी शब्द कोणता, हे ठरविणे वरवर वाटते तितके सोपे नाही.

६. साहित्य, कोश आणि वर्ग

व्यवहारभाषेतील औचित्याचा नियम साहित्याला तसाच लावला तर काय होते, हा मराठीच्या अध्यापकांपुढील प्रत्यक्ष प्रश्न आहे. ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘उचल्या’ (१९८७), ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४), ‘मी हिजडा मी लक्ष्मी’ (२०१२) या पुस्तकांची शीर्षकेच पाहावीत. यांतील बहुतेक शब्द रस्त्यावर कोणाला उद्देशून उच्चारले तर तो अवमान होईल. मुखपृष्ठावर मात्र तेच शब्द साक्ष देतात. ज्या शब्दाने हाक मारून हाकलले गेले तोच शब्द लेखकाने स्वतःच्या नावाशेजारी लिहिला आणि वाचकाला तो उच्चारावयास लावले. लक्ष्मण माने, शरणकुमार लिंबाळे, लक्ष्मण गायकवाड, किशोर शांताबाई काळे, लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या या कृतीत क्षेमेंद्राच्या विचाराचे प्रत्यंतर मिळते : पद तेच, मुख बदलले, औचित्य बदलले.

अशी कृती वर्गात शिकवताना काही अध्यापक जातिवाचक शिवी आली की थबकतात, ती गाळतात किंवा ‘एक अपशब्द’ असे म्हणून पुढे जातात. हा संकोच समजण्याजोगा आहे. समोरच्या बाकावर त्याच समाजाचा विद्यार्थी बसलेला असतो आणि चाळीस जणांच्या नजरा त्याच्याकडे वळण्याचा संभव असतो. पण गाळलेल्या शब्दाने त्या विद्यार्थ्याचे रक्षण होते असे नाही. शिवी गाळली की ती देणारा पाटील, सावकार किंवा फौजदारही सौम्य होतो, आणि मग लेखकाचा संताप अकारण वाटू लागतो. ज्याचा अपमान झाला त्याचा आवाज चिरका ठरतो आणि ज्याने केला तो सुटतो. येथे संकोच पुन्हा जुन्या दिशेला वळलेला असतो. तो बोलणाऱ्याला, म्हणजे अध्यापकाला, अडचणीतून वाचवितो.

याला कायद्याची भीती हे कारण सांगितले जाते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक दृष्टिपथात हेतुपुरस्सर केलेला अवमान, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर जातीच्या नावाने केलेली शिवीगाळ, हे गुन्हे आहेत. शिवी देणे आणि दिल्या गेलेल्या शिवीचा पाठ वाचणे या दोन भिन्न क्रिया आहेत; त्यांतील फरक पाठ वाचण्यापूर्वी पाच मिनिटे देऊन विद्यार्थ्यांना सांगता येतो. उतारा कोणाकडून वाचून घ्यावयाचा याचा विवेक मात्र अध्यापकानेच करावयास हवा. त्या समाजाच्या विद्यार्थ्याला उभे करून तोच उतारा वाचावयास लावणे ही असंवेदनशीलता आहे, आणि तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे नाव देता येणार नाही.

कोशांच्या आणि म्हणींच्या बाबतीतही असाच विवेक लागतो. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात किंवा दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’त नोंदविलेल्या म्हणींपैकी कित्येक जाती, व्यंग आणि स्त्रीत्व यांवर बेतलेल्या आहेत. ‘आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं’, ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ या त्यांतल्या त्यात सौम्य. कोशातून त्या काढल्या तर समाजाने काय विचार केला याचा पुरावाच नष्ट होईल. कोशकाराने त्या ठेवाव्यात आणि त्यांपुढे वापराची खूण करावी. पण कोशात असणे हा व्यासपीठावरून त्या वापरण्याचा परवाना ठरत नाही. संग्रहालयातील तलवार पाहण्यासाठी असते. ती कमरेला लावून बाजारात फिरणारा माणूस परंपरेचे जतन करीत नसतो.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, ‘औचित्याचा अतिरेक झाला आहे काय’ या प्रश्नाचे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एकच उत्तर देणे शक्य नाही. कारण एकाच नावाखाली दोन भिन्न संकोच वावरत आहेत. एक संकोच ऐकणाऱ्यासाठी आहे. तो वृद्ध मजुराला ‘अहो’ म्हणतो, अर्जावरील पत्त्यातून जात काढतो, तुरुंगाच्या नोंदवहीतील रकाना पुसतो आणि नाव ठेवण्यापूर्वी ज्याचे नाव त्याला विचारतो. असा संकोच मराठी समाजात अद्याप कमीच आहे. खेड्यातील पारावर आणि शहरातील सोसायटीच्या फाटकावर आजही कोणाला ‘अरे’ आणि कोणाला ‘अहो’ म्हटले जाते हे पाहिले, तर अतिरेकाची भाषा फार लवकर सुरू झाली असे म्हणावे लागते.

दुसरा संकोच बोलणाऱ्यासाठी आहे. तो दिव्यत्व वाटतो आणि उतरण बांधत नाही. ‘गंगाभागीरथी’ म्हणतो आणि बांगड्या फोडण्याविषयी गप्प राहतो. ‘दलित’ हा शब्द टाळतो म्हणजे दळणाऱ्याचा विषय निघत नाही. आत्मकथनातील शिवी गाळतो म्हणजे ती देणाऱ्याचे नाव येत नाही. हा संकोच नवा दिसत असला तरी तो दिवा ‘शांत’ करणाऱ्या आणि बांगडी ‘वाढवणाऱ्या’ जुन्या सौम्योक्तीचाच वारस आहे. अशुभाच्या भयाची जागा आता टीकेच्या, तक्रारीच्या आणि अपराधभावाच्या भयाने घेतली आहे, इतकेच. अतिरेक झाला असेल तर तो या दुसऱ्या संकोचाचा.

हे दोन संकोच वेगळे करण्याचे काम शासनाच्या परिपत्रकाने होणार नाही आणि ‘काही बोलायची सोय राहिली नाही’ या सुस्काऱ्यानेही होणार नाही. शब्द कोणी दिला, कोणी घेतला, तो कोणाच्या मुखी आहे आणि त्याआड काय झाकले जात आहे, हे तपासण्याची सवय साहित्याच्या अभ्यासातून लागते. हेरवाडच्या ठरावात ‘वाढवणे’ऐवजी ‘फोडणे’ असे म्हणावे लागले, एवढे एक उदाहरण जरी वर्गात नीट उलगडून दाखविले, तरी विद्यार्थी पुढचा नवा शब्द ऐकताना तो कोणाच्या सोयीसाठी आला आहे हे स्वतः विचारू लागेल.